ऑपरेशननंतरचे आठ आठवडे

आपल्या वस्तीत कुणाचे पोटाचे मोठे ऑपरेशन झाले की भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. कुणी शहाळे आणतो, कुणी सफरचंद. आणि जाताना प्रत्येक जण एकच वाक्य बोलून जातो : "गाठ निघाली ना? मग सुटलात. आता सहा महिने नुसता आराम करा." हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो, याबद्दल आम्हाला शंका नाही. पण गाठ मोठ्या आतड्याच्या, जठराच्या किंवा स्वादुपिंडाच्या कॅन्सरची असेल तर हाच सल्ला जिवावर बेतू शकतो. कारण अशा पुष्कळ रुग्णांना ऑपरेशननंतर केमोथेरपीची गरज असते, आणि ती कधीही घेतली तरी चालते असे नाही. तिची एक वेळ असते. ती वेळ ऑपरेशनच्या दिवसापासून मोजायची असते. आणि ती मोजण्याचे काम आज आपल्याकडे कुणीच करत नाही, हेच आमचे म्हणणे आहे.

या पानाकडे येणाऱ्या विचारणांमध्ये गेल्या काही काळात पोटाच्या कॅन्सरचे प्रश्न वाढले आहेत. कांजूर पूर्व-पश्चिम, भांडुप, विक्रोळीचे कन्नमवार नगर, टागोर नगर, घाटकोपरचे रमाबाई नगर अशा सगळीकडून लोक फायली घेऊन विहारात येतात. मुंबईत राहत असल्याने विदर्भ-मराठवाड्यातले पाहुणेही 'टाटा'साठी आपल्याच घरी उतरतात. या फायली पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ऑपरेशन चांगले झालेले असते, जखम भरलेली असते, रिपोर्टही आलेला असतो. फक्त पुढे काय आणि कधी, हे घरात कुणालाच माहीत नसते.

गाठ काढली, तरी केमो कशाला?

हा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचे उत्तर देऊ. गावी ज्यांनी शेती पाहिली आहे त्यांना हरळी माहीत आहे. वर दिसणारी हरळी खुरप्याने स्वच्छ काढली, रान मोकळे दिसले, तरी मातीत राहिलेल्या मुळीच्या तुकड्यांतून ती पुन्हा फुटते. कॅन्सरचेही तसेच असते. सर्जन डोळ्यांना दिसणारी गाठ आणि तिच्या भोवतालच्या लसिका ग्रंथी काढतो. पण काही पेशी त्याआधीच रक्तातून यकृतात, फुप्फुसात किंवा पोटाच्या पडद्यावर जाऊन बसलेल्या असू शकतात. त्या इतक्या बारीक असतात की सीटी स्कॅनमध्येही दिसत नाहीत. ऑपरेशननंतरची केमो या लपलेल्या पेशींसाठी असते. त्या जितक्या कमी आणि जितक्या लहान, तितके औषध प्रभावी. दिवस जातील तसतशी त्यांची संख्या वाढते. शिवाय मोठ्या ऑपरेशनच्या ताणाने शरीराची प्रतिकारशक्ती काही काळ मंदावते आणि जखम भरून येण्यासाठी शरीर जी वाढीची द्रव्ये सोडते, ती या पेशींनाही पोसू शकतात. म्हणून डॉक्टर घाई करतात.

प्रत्येकाला केमो लागतेच असे मात्र नाही. मोठ्या आतड्याचा कॅन्सर पहिल्या टप्प्यात असेल तर ऑपरेशन पुरते. दुसऱ्या टप्प्यातल्या बहुतेकांनाही लागत नाही. पण आतडे फुटले असेल, अडकून तातडीचे ऑपरेशन झाले असेल, गाठ आतड्याच्या भिंतीबाहेर गेली असेल किंवा तपासलेल्या लसिका ग्रंथी बारापेक्षा कमी असतील, तर विचार करावा लागतो. लसिका ग्रंथींत कॅन्सर पोहोचला असेल, म्हणजे तिसरा टप्पा असेल, तर केमो द्यायचीच असे १९९० पासून जगभर मानले जाते. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दिसले की तिसऱ्या टप्प्याच्या रुग्णांना वर्षभर औषध दिल्याने मृत्यूंचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटले. त्यानंतर औषधे सुधारली आणि कालावधी सहा महिन्यांवर आला. २०१८ मध्ये सहा चाचण्यांतल्या बारा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा तिसऱ्या टप्प्यातल्या कमी धोक्याच्या रुग्णांना केपेसिटाबिनच्या गोळ्या आणि ऑक्झालिप्लॅटिनची सलाईन ही जोडी दिली तर तीन महिनेही जवळजवळ पुरतात असे आढळले. सहा महिन्यांच्या धास्तीने जे घरी बसतात त्यांनी हे नीट ऐकावे. तुमचा कोर्स कदाचित तीनच महिन्यांचा असेल. पण ते विचारायला वेळेवर जावे लागेल.

आठ आठवडे आले कुठून?

आठ आठवडे हा आकडा कुणी मनाने ठरवलेला नाही. ज्या चाचण्यांनी ही औषधे उपयोगी असल्याचे सिद्ध केले, त्यांत रुग्णांना ऑपरेशननंतर पाच, सात किंवा फार तर आठ आठवड्यांच्या आत औषध सुरू केलेले होते. ऑक्झालिप्लॅटिनचा फायदा दाखवणाऱ्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सात आठवड्यांची अट होती. म्हणजे औषधाचा जो फायदा आपण ऐकतो, तो वेळेत सुरू करणाऱ्यांचा फायदा आहे. तीन-चार महिन्यांनी सुरू करणाऱ्याला तितकाच मिळेल, असे कुणी सिद्ध केलेले नाही.

उशिराने किती नुकसान होते, याचाही अभ्यास झालेला आहे. २०११ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दहा अभ्यासांतल्या १५,४१० आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांची माहिती एकत्र केली. प्रत्येक चार आठवड्यांच्या उशिरामागे मृत्यूचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी वाढलेला दिसला. २०२० मध्ये सात प्रकारच्या कॅन्सरच्या १२ लाखांहून अधिक रुग्णांचा असाच आढावा निघाला. त्यातही आतड्याच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतरच्या केमोला चार आठवडे उशीर झाला की धोका सुमारे १३ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले.

१४ टक्के म्हणजे शंभरातले चौदा जण दगावतात असे नव्हे. हे उदाहरणाने समजून घेऊ. समजा वेळेत केमो घेणाऱ्या शंभर जणांपैकी पाच वर्षांत तीस जण जातात. एक महिना उशिरा सुरू करणाऱ्या शंभरांत हा आकडा साधारण तेहतीस होईल. तीन माणसे. आकडा लहान वाटतो, पण ती तीन माणसे कुणाच्या तरी घरची असतात, आणि ती कोणत्याही नव्या महागड्या औषधाशिवाय, केवळ तारीख पाळल्याने वाचू शकतात.

येथे प्रामाणिकपणे एक आक्षेप मांडला पाहिजे. हे सारे अभ्यास घडून गेलेल्या उपचारांच्या नोंदींवरून केलेले आहेत. अर्ध्या रुग्णांना मुद्दाम उशिरा औषध देऊन पाहणे हा अन्याय ठरेल, म्हणून तशी चाचणी कुणी करत नाही. आता ज्याची जखम चिघळली, ज्याला आधीच मधुमेह किंवा हृदयविकार आहे, त्याची केमो आपसूक लांबते आणि त्याचे आयुष्यही इतर कारणांनी कमी असू शकते. मग दोष उशिराचा की मूळच्या अशक्तपणाचा? काही वाटा अशक्तपणाचा असणारच. पण आम्ही ज्या उशिराबद्दल लिहीत आहोत तो अशक्त माणसाचा उशीर नाहीच. तो धडधाकट माणसाचा उशीर आहे. रिपोर्ट आणायला कुणी गेले नाही, मंजुरी अडकली, पाहुणे म्हणाले थांबा, म्हणून झालेला उशीर. तो टाळण्यात कुणाचेच नुकसान नाही. म्हणून पुरावा शंभर टक्के निर्विवाद असण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

प्रत्येक अवयवाचे घड्याळ वेगळे

पचनसंस्थेचे सगळे कॅन्सर एका मापाने मोजता येत नाहीत. मोठ्या आतड्यासाठी सहा आठवड्यांच्या आसपास सुरुवात करावी, आठच्या पुढे जाऊ नये, असे ढोबळ धोरण आहे. जठराचा भाग किंवा पूर्ण जठर काढल्यावर खाणेपिणे बसायला वेळ लागतो, वजन उतरते, म्हणून थोडी अधिक सवड द्यावी लागते. पित्ताशय आणि पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये सहा महिने केपेसिटाबिनच्या गोळ्या देतात, तिथेही थोडी सवड असते.

स्वादुपिंडाची गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ते ऑपरेशन पचनसंस्थेतल्या सर्वात अवघड ऑपरेशनांपैकी एक. युरोपातल्या एका मोठ्या चाचणीतल्या ९८५ रुग्णांचा हिशेब २०१४ मध्ये मांडला गेला. त्यात दिसले की आठ आठवड्यांऐवजी बाराव्या आठवड्यापर्यंत सुरुवात झाली तरी फारसे बिघडले नाही. बिघडले ते सहाचे सहा डोस पूर्ण न करणाऱ्यांचे. म्हणजे स्वादुपिंडाच्या रुग्णाला ओढूनताणून लवकर उभे करण्यापेक्षा त्याला इतके सावरू द्यावे की तो सगळा कोर्स पुरा करील. घाई आणि उशीर यांच्या मधला हा मार्ग डॉक्टरच ठरवू शकतात. पण त्यासाठीही डॉक्टरांपुढे रुग्ण वेळेवर यावा लागतो. बारा आठवडे मिळतात म्हणून अकराव्या आठवड्यात पहिली भेट घेणे हा मध्यम मार्ग नव्हे.

अन्ननलिका, जठर आणि गुदाशय यांच्या कॅन्सरमध्ये आता बरेचदा केमो किंवा रेडिएशन, ज्याला आपल्याकडे 'लाइट' म्हणतात, ऑपरेशनच्या आधीच देतात. "आधी कापा आणि मोकळे करा" असे म्हणून घरचे लोक हट्ट धरतात आणि डॉक्टर वेळ काढतात असा संशय घेतात. त्यामागे कारण आहे. जठराच्या कॅन्सरसाठी जी पद्धत आज सर्वाधिक वापरली जाते, तीत चार डोस आधी आणि चार नंतर असतात. तिच्या जर्मन चाचणीतही आठही डोस पुरे करणारे रुग्ण निम्म्याहून कमी, ४६ टक्के निघाले. बहुतेक गळती झाली ती ऑपरेशननंतर. ऑपरेशननंतर माणूस थकतो, म्हणून औषधाचा अर्धा भाग तो थकण्याआधीच देऊन ठेवतात. तेव्हा आधी केमो सांगितली तर त्याला टाळाटाळ समजू नये.

उशीर नेमका कुठे होतो?

आमच्या पाहण्यातले एक उदाहरण सांगतो. नाव-गाव सांगत नाही. धुणीभांडी करून घर चालवणाऱ्या एका ताईंचे आतडे अडकले. मध्यरात्री एका रुग्णालयात तातडीचे ऑपरेशन झाले, पोटावर पिशवी लागली, दहा दिवसांनी घरी सोडले. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या यादीखाली इंग्रजीत एक ओळ होती : रिपोर्ट घेऊन कर्करोगतज्ज्ञांना दाखवणे. ती ओळ कुणी वाचून दाखवली नाही. ताईंना घरच्यांनी "गाठ होती, काढली" एवढेच सांगितलेले. रिपोर्ट तीन आठवडे त्याच रुग्णालयाच्या खिडकीत पडून होता. मग पिशवी बंद करून मगच पुढचे पाहू, असे ठरले. ही मंडळी कर्करोगतज्ज्ञांपुढे पोहोचली तेव्हा अकरावा आठवडा चालू होता. रिपोर्टमध्ये तिसरा टप्पा लिहिलेला होता.

या एका प्रकरणात उशिराच्या जवळपास सगळ्या जागा आहेत. त्या एकेक करून पाहू.

पहिली जागा, तातडीचे ऑपरेशन. आपल्या वर्गातल्या माणसाचा कॅन्सर पुष्कळदा आतडे अडकल्यावरच कळतो. रात्रीच्या ड्यूटीवरचा सर्जन जीव वाचवतो, त्याचे उपकारच आहेत. पण पुढचा रस्ता दाखवणारा कुणी तिथे नसतो. ठरवून ऑपरेशन झालेल्या रुग्णाला ऑपरेशनच्या आधीच पुढच्या उपचाराची कल्पना दिलेली असते. तातडीच्या रुग्णाला ती कुणी देत नाही.

दुसरी जागा, रिपोर्ट. काढलेला तुकडा तपासून रिपोर्ट यायला एक ते दोन आठवडे लागतात. तो आपणहून घरी येत नाही, आणावा लागतो. दुसऱ्या रुग्णालयात जायचे असेल तर नुसता कागद पुरत नाही. त्या तुकड्याचे मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइडही लागतात. टाटासारख्या ठिकाणी ते पुन्हा तपासले जातात, त्यात आणखी दिवस जातात. म्हणून रिपोर्ट घेतानाच ब्लॉक-स्लाइडचा अर्ज द्यावा. हे माहीत नसल्याने लोकांच्या दोन-दोन फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीमागे एक खाडा आणि एक आठवडा जातो.

तिसरी जागा, पिशवी. "पिशवी असताना केमो कशी घेणार?" हा प्रश्न आम्हाला सतत विचारतात. उत्तर सरळ आहे : घेता येते. पोटावरची पिशवी ही केमोला अडचण नाही. पिशवी बंद करायचे ऑपरेशन केमो संपल्यानंतरही करता येते, आणि बहुधा तसेच करतात. पिशवी आधी बंद करायला गेले तर पुन्हा एक ऑपरेशन, पुन्हा एक जखम, पुन्हा सहा आठवडे.

चौथी जागा, "ताकद येऊ दे." पूर्ण ताकद यायला काही वेळा सहा महिने लागतात. केमोसाठी पूर्ण ताकद लागतच नाही. जखम भरलेली हवी, आतला जोड पक्का हवा, ताप किंवा पू नको, हिमोग्लोबिन आणि किडनी-लिव्हरच्या तपासण्या ठीक हव्यात, आणि माणूस दिवसाचा बहुतेक वेळ अंथरुणाबाहेर असावा. आपल्या हाताने आंघोळ करतो, चाळीचा जिना हळूहळू चढतो, दोन वेळा थोडे थोडे जेवतो, असा माणूस बहुधा तयार असतो. अंडी, डाळ, शेंगदाणे, दही, मासे, जे परवडेल ते पोटात जाऊ द्यावे. डब्यातली महागडी पावडर घेतली नाही म्हणून ताकद अडत नाही. जखमेतून स्राव येत असेल, जोड गळत असेल, ताप असेल, तर मात्र डॉक्टर थांबायला सांगतील, आणि तेव्हा थांबलेच पाहिजे. पण थांबायचे की नाही हे त्यांनी तपासून ठरवायचे. शेजाऱ्यांनी चेहरा पाहून ठरवायचे नाही.

पाचवी जागा, भीती. "केमोने माणूस लवकर जातो," "अमक्याचे केस गेले, तमक्याला उलट्या झाल्या." पूर्वीपेक्षा उलट्यांवरची औषधे कितीतरी सुधारली आहेत. आतड्याच्या केमोत केस बहुधा पूर्ण जात नाहीत, थोडे विरळ होतात. त्रास होतो, तो आम्ही लपवत नाही. ऑक्झालिप्लॅटिनने हातापायांना मुंग्या येतात, थंड पाणी घशाला टोचते, म्हणून त्या दिवसांत फ्रिजचे पाणी टाळावे. केपेसिटाबिनने तळहात-तळपाय सोलवटतात, जुलाब होऊ शकतात. पहिल्याच काही दिवसांत जोराचे जुलाब किंवा तोंड फार येऊ लागले तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. केमो चालू असताना ताप १००.४ वर गेला तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये. हे धोके खरे आहेत आणि त्यांवर उपायही आहेत. केमोच टाळणे हा त्यांवरचा उपाय होत नाही. तीन महिने कुणाचा तरी काढा घेऊन पाहू, मग केमो, असे म्हणणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे की ते तीन महिने परत मिळत नाहीत.

कागद, पैसा आणि लोकल

टाटा रुग्णालय परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. देशभरातला गरीब माणूस तिथे येतो, म्हणून रांगही तितकीच मोठी असते. कांजूरमार्गहून धिम्या लोकलने विक्रोळीपासून मोजले तर परळ हे आठवे स्टेशन. निरोगी माणसाला हा प्रवास काहीच नाही. पोटावर टाके किंवा पिशवी असलेल्या माणसाला सकाळच्या गर्दीत तो डोंगर असतो. पण केमो टाटातच घेतली पाहिजे असा नियम नाही. उपचाराचा आराखडा मोठ्या केंद्रात ठरवून औषध जवळच्या रुग्णालयात घेता येते. औषध तेच असते. टाटाची तारीख मिळेपर्यंत दोन महिने वाट पाहण्यापेक्षा पाचव्या आठवड्यात दुसऱ्या चांगल्या केंद्रात सुरुवात केलेली बरी, असे आमचे स्पष्ट मत आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा झाली, त्यांतली २०० त्याच वर्षी. त्यातले आपल्या पूर्व उपनगरांच्या वाट्याला काय येते, हे आपल्या नगरसेवक-आमदारांना विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

पैशाबाबत : महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन येते. २०२४ पासून राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. शिधापत्रिका आणि आधार घेऊन त्यांना भेटावे. लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की ऑपरेशनची मंजुरी वेगळी आणि केमोची वेगळी. ऑपरेशन योजनेतून झाले म्हणजे केमोचे कागद आपोआप झाले, असे होत नाही. शिधापत्रिकेत नाव नाही, आधारवर नावाचे स्पेलिंग वेगळे, अशा अडचणी पहिल्या आठवड्यात सोडवाव्यात. केमोच्या आदल्या दिवशी त्या सुटत नाहीत. कंत्राटी सफाई कामगार, कारखान्यातले, सिक्युरिटीतले जे बांधव ईएसआयमध्ये आहेत त्यांना उपचार तर मिळतातच, शिवाय कॅन्सरसारख्या दीर्घ आजारात, ठरावीक अटी पूर्ण असतील तर, दोन वर्षांपर्यंत मजुरीच्या ८० टक्के रक्कम मिळू शकते. घरातला कमावता माणूस केमोला जायला कचरतो तो बहुधा खाड्यामुळे. त्याला हे कुणी तरी सांगायला हवे.

आजार लपवू नका

सगळ्यात अवघड गोष्ट आम्ही शेवटी ठेवली आहे. आईला, बाबांना कॅन्सर आहे हे त्यांनाच सांगायचे नाही, अशी पद्धत आपल्याकडे घट्ट आहे. "ऐकले तर खचतील." पण ज्याला आपला आजारच माहीत नाही तो आठवडे कसे मोजणार? गाठ निघाली आहे, पोट दुखत नाही, मग सलाईन कशाला लावून घेऊ, असे त्याने म्हटले तर त्याचे चुकले कुठे? मायेने केलेली लपवाछपवी उपचाराच्या आड येते.

विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूची कथा आहे. तो हगवणीने आपल्याच घाणीत पडला होता आणि कुणी त्याची सेवा करत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदांच्या मदतीने त्याला स्वतः धुतले, उचलून खाटेवर निजवले आणि मग संघाला जाब विचारला. तिथेच रुग्णाचे आणि शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगितले आहेत. रुग्णाने औषध घ्यावे, आजार जसा आहे तसा शुश्रूषा करणाऱ्याला सांगावा. शुश्रूषा करणाऱ्याने मलमूत्र-वांती काढायला किळस करू नये, काय सोसते आणि काय नाही हे जाणावे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी. पोटावर पिशवी असलेल्या माणसाच्या घरी जाताना नाक मुरडणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. रुग्णाने खरे सांगावे अशी अपेक्षा असेल, तर आपण त्याच्यापासून खरे लपवणे कोणत्या न्यायात बसते?

आमची मागणी आणि आमचे काम

रुग्णालयांकडे आमची मागणी फार मोठी नाही. पोटाचा कॅन्सर निघालेल्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर मराठीत, मोठ्या अक्षरात दोन तारखा लिहाव्यात. एक, रिपोर्ट कोणत्या तारखेला आणि कोणत्या खिडकीवर मिळेल. दुसरी, कोणत्या तारखेच्या आत कर्करोगतज्ज्ञांना भेटायचे. ही दुसरी तारीख ऑपरेशनपासून चौथ्या आठवड्याच्या आतली असावी. याला ना नवे यंत्र लागते, ना नवा निधी. पेन लागते आणि समोरच्या माणसाला दोन मिनिटे समजावून सांगण्याची तयारी लागते.

आणि आपल्याला काय करता येईल? ऑपरेशन झालेल्या घरी जाताना शहाळे न्याच, पण चार प्रश्नही विचारा. ऑपरेशन कोणत्या तारखेला झाले? रिपोर्ट आणला का? केमो लागेल की नाही, हे कुणी सांगितले? पुढची तारीख कोणती? उत्तर आले नाही तर डिस्चार्ज कार्ड मागून वाचा. प्रत्येक विहारात इंग्रजी वाचता येणारी दोन मुले-मुली आहेतच. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास त्यांनी फायलींसाठी ठेवावा. घरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर ऑपरेशनच्या तारखेपासून प्रत्येक आठवड्याला खूण करावी. चौथ्या आठवड्यावर मोठी, आठव्यावर लाल. लग्न, गावची जत्रा, अगदी सहा डिसेंबरची तयारीही त्या लाल खुणेपुढे थांबू शकते. बाबासाहेबांना अभिवादन करायला माणूस जिवंत असावा लागतो.

आणि ज्यांचे आठ आठवडे उलटून गेले आहेत त्यांच्यासाठी एक शब्द. आता काय उपयोग, म्हणून घरी बसू नका. उशिराने फायदा कमी होतो, एका रात्रीत संपत नाही. दहाव्या, बाराव्या आठवड्यातही डॉक्टर तुमचा रिपोर्ट पाहून केमो द्यायची की नाही ते ठरवतील. वर उल्लेख केलेल्या ताईंची केमो बाराव्या आठवड्यात सुरू झाली. त्या आता दर तीन आठवड्यांनी पिशवीसकट, शेजारच्या वहिनींना सोबत घेऊन लोकलने जातात. पुढे काय होईल हे आम्ही सांगू शकत नाही. पण त्या पाचव्या आठवड्यात तिथे पोहोचल्या असत्या तर बरे झाले असते, हे मात्र नक्की सांगू शकतो. तुमच्या चाळीत, तुमच्या मजल्यावर आज जे कुणी पोटावर टाके घेऊन झोपले आहे, त्यांचा कितवा आठवडा चालू आहे, हे आजच विचारून या.